काळजी की पहारा?

या स्तंभातून आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी, विस्मरण अशा विषयांवर बोलत आलो. आज मी एका दूरचित्रवाणी मालिकेविषयी लिहिणार आहे, याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. मालिका अमेरिकेतील आहे, विनोदी आहे, आणि तिचा विनोद बराच काळवंडलेला आहे. घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावी अशी ती नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटते, कारण ज्येष्ठांची काळजी कशी घ्यावी याविषयीची माझी एक समजूत तिने मोडली. ती समजूत मोडण्यास मला जो उशीर झाला, त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

मालिकेचे नाव ‘मेड फॉर लव्ह’. अ‍ॅलिसा नटिंग या अमेरिकन लेखिकेची याच नावाची कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेली ही मालिका एप्रिल २०२१ मध्ये ‘एचबीओ मॅक्स’वर आली. २०२२ साली तिचा दुसरा भाग आला आणि त्यानंतर ती बंद झाली. प्रत्येकी आठ असे एकूण सोळा प्रसंगभाग, एवढाच तिचा विस्तार.

कथा अशी. हेझल ग्रीन ही सामान्य घरातील तरुणी बायरन गोगोल नावाच्या अब्जाधीशाशी लग्न करते. बायरन तंत्रज्ञानाच्या एका बलाढ्य कंपनीचा मालक आहे. (आडनावाचा उच्चार करून पाहावा, म्हणजे लेखिकेचा रोख कुठे आहे ते कळेल.) लग्नानंतर दहा वर्षे हेझल ‘हब’ नावाच्या एका बंदिस्त वास्तूत राहते. तेथे कशाचीही वाण नाही. हवे तसे आकाश दिसते, हवे ते जेवण मिळते, पाण्याच्या कुंडात पाळलेला डॉल्फिनसुद्धा आहे. नाही ते एवढेच, की दाराबाहेर जाण्याची मुभा. पत्नीच्या सुखाची इतकी ‘काळजी’ घेतली जाते, की अत्यंत खासगी क्षणांनंतरही आपल्याला किती समाधान वाटले याची नोंद तिने यंत्रात करायची असते.

पुढे बायरन एक नवे उत्पादन बाजारात आणू पाहतो. पती-पत्नीच्या मेंदूंत सूक्ष्म चकती बसवायची आणि दोघांची मने एकमेकांशी जोडून टाकायची. मग गैरसमज नाहीत, लपवाछपवी नाही, केवळ प्रेम! या चकतीची पहिली वापरकर्ती म्हणून त्याने आपल्या पत्नीची निवड केलेली असते. हेझल ‘हब’मधून पळ काढते. वाळवंटात जमिनीतील एक झाकण उघडते आणि हिरव्या चमचमत्या पोशाखातील, निथळत असलेली हेझल बाहेर येते, या दृश्यानेच मालिकेस आरंभ होतो. ती वाट काढत आपल्या वडिलांच्या घरी पोहोचते. मात्र चकती तिच्या डोक्यातच असते. तिच्या डोळ्यांना जे दिसते ते बायरन आपल्या पडद्यावर पाहू शकतो. तो तिला पाहतो, ती त्याला पाहू शकत नाही.

हेझलची भूमिका क्रिस्टिन मिलिओटी हिने केली आहे, तर बायरनची बिली मॅग्नुसेन याने. बायरनचे पात्र नीट न्याहाळण्यासारखे आहे. तो सदा हसतमुख आणि गोडबोल्या आहे. पत्नीवर आपले जिवापाड प्रेम आहे, असे तो मनापासून मानतो. म्हणूनच तो भीतिदायक वाटतो. मारझोड करणारा नवरा ओळखता येतो, शेजाऱ्यांनाही कळतो. पण ‘तुझ्यासाठीच तर करतो’ असे म्हणत एकेक दार बंद करणारा नवरा बाहेरच्यांना आदर्श वाटतो आणि बायकोलाही आपलेच काही चुकते आहे असे वाटू लागते.

दवाखान्यात बसून तीस वर्षे होत आली. अशी जोडपी मी पाहिली आहेत. पत्नीला काय होते आहे असे तिला विचारले, तरी उत्तर पती देतात. तिचा भ्रमणध्वनी त्यांच्या खिशात असतो. औषधाचे पैसे, माहेरी जाण्याचे दिवस, मैत्रिणीशी बोलण्याची वेळ, सारे त्यांच्या संमतीने ठरते. तिची तक्रार मात्र डोकेदुखीची, झोप न लागण्याची, छातीत धडधडण्याची असते. तपासण्या केल्या तर सगळे ठीक निघते. अशा वेळी मी रक्तदाब मोजण्याचे निमित्त करून पतीस क्षणभर बाहेर बसवतो आणि तिला एकच प्रश्न विचारतो: ‘घरी तुमच्या मनासारखे काय काय करता येते?’ कित्येकदा उत्तर येत नाही. डोळे भरून येतात.

या वागण्याला समाजशास्त्रात आता नाव मिळाले आहे. इव्हान स्टार्क या अमेरिकन अभ्यासकाने २००७ साली लिहिलेल्या ग्रंथातून ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ ही संकल्पना सर्वदूर पोहोचली. हात न उगारता, पैसा, हालचाल, भेटीगाठी आणि संपर्क यांवर ताबा मिळवून माणसाला हळूहळू परावलंबी करणे, असा तिचा अर्थ. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असे वर्तन हा गुन्हा ठरला. आपल्याकडील २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक व लैंगिक छळाच्या जोडीला शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे. या कायद्याचा आधार केवळ सुनेलाच मिळतो असे नाही. एका घरात राहणारी आई किंवा सासूही तो घेऊ शकते. ही गोष्ट ज्येष्ठ भगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आता आपणांपैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल, ती आधी दूर करतो. मेंदूत चकती बसवून मनातले वाचता येते काय? मालिकेत दाखवले आहे तसे, दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणारे किंवा त्याच्या भावना पडद्यावर मांडणारे उपकरण आज उपचारांत कोठेही नाही. मेंदूत विद्युत्‌तारा बसवण्याचे उपचार मात्र जुने आहेत. कंपवातात हातांचा थरकाप आवरण्यासाठी मेंदूच्या खोल भागात तारा बसवतात व छातीच्या कातडीखाली छोटे यंत्र ठेवतात. या उपचारास अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. ऐकू न येणाऱ्यांसाठी कानाच्या आतल्या भागात बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांटही सर्वपरिचित आहे. जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या ‘न्यूरालिंक’ने आपले उपकरण प्रथमच एका पक्षाघातग्रस्त माणसाच्या मेंदूत बसवले. केवळ मनात आणून संगणकाच्या पडद्यावरील खूण हलवता यावी, हा त्याचा उद्देश होता. या सर्वांत आणि बायरनच्या चकतीत तंत्राचा फरक आहेच, पण त्याहून मोठा फरक संमतीचा आहे. कंपवाताच्या रुग्णाला सर्व समजावून सांगितले जाते, त्याची सही घेतली जाते, नको असल्यास तो नाही म्हणू शकतो, यंत्र बंदही करता येते. हेझलला यांपैकी काहीच मिळाले नाही. तेव्हा आपल्या छातीतील पेसमेकर आपले बोलणे ऐकत असेल काय, अशी धास्ती कृपया कोणी घेऊ नये.

खरी चकती आपल्या सर्वांच्या खिशात आहे. भ्रमणध्वनीवरून माणूस कोठे आहे ते कळते, कोणाशी बोलला ते कळते, आणि भिंतीवरील छोट्या कॅमेऱ्यातून तो घरात काय करतो तेही कळते. येथून पुढची गोष्ट माझ्या घरातील आहे.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे न्यू जर्सीला दीड महिन्यासाठी गेलो. आई साताऱ्याच्या घरी. वय ब्याऐंशी, डोके तल्लख, गुडघे मात्र कुरकुरणारे. दिवसा सोबतीला एक ताई येत. रात्री शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी झोपायला येई. तरीही मनाची खात्री पटेना, म्हणून निघण्यापूर्वी मी आईच्या खोलीत, तिच्या खाटेसमोर एक कॅमेरा बसवून घेतला. तिला काय सांगितले, तर ‘आई, हा आता इथे असू दे, म्हणजे आम्हाला तिकडे चिंता नको.’ तिने मान हलवली. त्या मान हलवण्याला मी होकार समजलो.

मुलीच्या घरी एके रात्री ही मालिका पाहत बसलो होतो. साडेनऊ वाजले असतील, म्हणजे आपल्याकडे सकाळचे सात. पडद्यावर बायरन आपल्या मोठ्या पडद्यासमोर बसून हेझल काय करते ते पाहत होता. तेवढ्यात माझ्या भ्रमणध्वनीने सूचना दिली: खोलीत हालचाल. मी तो उघडला. आई खाटेवर बसून केस विंचरत होती. तिने एकदा मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिले. मग उशाची घडी घातलेली साडी उचलली आणि ती हळूहळू चित्राच्या चौकटीबाहेर गेली. ‘आजी ठीक आहे ना?’ मुलीने विचारले. ‘उत्तम आहे,’ मी म्हणालो आणि पुन्हा मालिका पाहू लागलो. दोन पडद्यांमधले साम्य माझ्या लक्षात आले नाही, असे म्हणणार नाही. आले होते. पण तो बायरन होता आणि मी मुलगा होतो, डॉक्टर होतो. माझा हेतू चांगला होता.

त्यानंतर बाराव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती. उजव्या मनगटाचे हाड मोडले. खुबा वाचला, हे आमचे दैव. आम्ही तिकिटे बदलून परतलो. येता येता विमानात मी त्या सकाळचे चित्रण काढून पाहिले. त्यात रिकामी खाट होती आणि पंख्याच्या वाऱ्याने हलणारा पडदा होता.

आईच्या हाताला प्लास्टर होते. मी तिला विचारले, ‘आई, साडी तू नेहमी खाटेवर बसून बदलतेस. न्हाणीघरात ओल्या फरशीवर उभी का राहिलीस?’ ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘खोलीत तुझा तो डोळा होता ना रे. दोन आठवडे मी तिथेच बदलत होते.’

कॅमेरा पडण्यापासून वाचवण्यासाठी लावला होता. तिने कपडे बदलण्याची सुरक्षित जागा सोडली आणि घरातील सर्वांत निसरड्या जागेचा आश्रय घेतला, तो त्या कॅमेऱ्यापासून वाचण्यासाठी. न्हाणीघरात पडण्याचा धोका किती असतो, हे मी याच स्तंभात दोन वेळा लिहिले आहे. ‘मला सांगितले का नाहीस?’ या माझ्या प्रश्नावर ती म्हणाली, ‘तू विचारलं कुठे होतंस? विचारलं असतंस तर दारावर लाव म्हणाले असते. कोण येतं जातं ते मलाही दिसलं असतं.’

वाचकहो, मालिकेचा पहिला भाग मी पुढे पूर्ण पाहिला, तो आईच्या या उत्तरानंतर. त्याचा शेवट सांगणे भाग आहे. ज्यांना मालिका स्वतः पाहायची असेल त्यांनी पुढील परिच्छेद वगळावा.

हेझलचे वडील हर्बर्ट हे विधुर आहेत. रे रोमानो या ज्येष्ठ नटाने ती भूमिका फार संयमाने केली आहे. पत्नी गेल्यानंतरच्या एकाकीपणात त्यांनी माणसाच्या आकाराची एक कृत्रिम बाहुली घरात आणली आहे. तिला ते डायान म्हणतात, तिच्याशी बोलतात, तिला गाडीतून फिरवतात. प्रथम हसू येते, मग हसू मावळते. मुलगी घरी परतते, बाप-लेकीचे जुने रुसवे हळूहळू निवळू लागतात. आणि मग हेझलला कळते, की वडिलांना कर्करोग आहे. उत्तम उपचार मिळण्याची शक्यता बायरनच्या ‘हब’मध्येच आहे. ज्या कोंडवाड्यातून ती जीव घेऊन पळाली, तेथे ती स्वतःहून परत जाते, आणि जाताना वडिलांनाही नेते. त्यांना न विचारता, त्यांच्या नकळत. वडिलांना परके वाटू नये म्हणून तेथे त्यांच्या घराची हुबेहूब प्रतिकृती उभारलेली असते.

दहा वर्षे जिच्या वतीने दुसऱ्याने निर्णय घेतले, त्या मुलीने पहिला मोठा निर्णय घेतला तो वडिलांच्या वतीने, त्यांना अंधारात ठेवून. तिचे प्रेम खोटे नाही. बायरनला पत्नी हातची जाऊ द्यायची नव्हती, हेझलला वडील. दोघांनीही समोरच्या माणसाचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क काढून घेतला. लेखकांनी हेझलला दोषी ठरवलेले नाही, आपणही ठरवू नये. मात्र काळजी आणि ताबा यांतील सीमा कोठे ओलांडली जाते, ते येथे स्वच्छ दिसते. हेतू किती निर्मळ आहे यावरून ती ठरत नाही. ज्याची काळजी घेतली जाते त्याला नको म्हणता येते की नाही, यावरून ठरते.

आपल्याकडे हे प्रत्येक दुसऱ्या घरात घडते. ‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, त्यांना सहन होणार नाही,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची गणती नाही. तरुणपणी मी निमूटपणे मान डोलवीत असे. ‘साधी गाठ आहे’ असे सांगून मी माणसांना मोठ्या उपचारांसाठी पाठवले आहे. त्यांपैकी बहुतेकांना सत्य कळलेले असे. कर्करोगाच्या इस्पितळाची पाटी वाचता येत नाही असे थोडेच आहे! पण घरच्यांनी लपवले म्हणून तेही बोलत नसत. दोन्ही बाजूंनी नाटक चाले, आणि कोणाला काय द्यायचे, कोणाला भेटायचे, कोठे शेवटचे दिवस काढायचे, हे बोलायचे राहून जाई. आता मी प्रथम रुग्णालाच विचारतो: ‘तुमच्या आजाराची माहिती तुम्हाला स्वतःला हवी आहे, की मी ती मुलांशी बोलावी असे तुम्हाला वाटते?’ काही ज्येष्ठ म्हणतात, ‘मुलाशी बोला, मला तपशील नकोत.’ तोही त्यांचा निर्णयच असतो. तो आपण परस्पर घेऊ नये, इतकेच.

आता व्यवहाराचे बोलू. घरात कॅमेरा, भ्रमणध्वनीवरील ठावठिकाणा, दाराचा संवेदक, मनगटातील सूचना देणारे घड्याळ, ही साधने वाईट नाहीत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. ती लावण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

पहिला: हे साधन आहे, हे त्या व्यक्तीला माहीत आहे काय? लपवून लावलेले साधन उघडकीस आले, म्हणजे विश्वास जातो आणि तो परत मिळवणे कठीण असते.

दुसरा: तिने मोकळेपणी होकार दिला आहे काय? आपल्या पिढीतील वडीलधारी माणसे मुलांचे मन मोडू नये म्हणून मान हलवतात. म्हणून ‘लावू का?’ असे न विचारता ‘कोठे लावलेले चालेल आणि कोठे चालणार नाही?’ असे विचारावे. मान हलवून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

तिसरा: ते तिला स्वतःला बंद करता येते काय? पाहुणे आले, पूजा आहे, कपडे बदलायचे आहेत, मैत्रिणीशी चार गोष्टी बोलायच्या आहेत, अशा वेळी बंद करण्याचे बटण तिच्या हाताशी असावे.

चौथा: कोण पाहणार आणि किती वेळा? एका मुलाने सोय म्हणून लावलेला कॅमेरा हळूहळू सुना, जावई, नातवंडे सगळ्यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतो. त्याचा सांकेतिक शब्दही वेळोवेळी बदलावा, म्हणजे परक्यांची नजर पोहोचणार नाही.

पाचवा: याने जो प्रश्न सोडवायचा आहे, तो साध्या उपायाने सुटत नाही काय? पडण्याची भीती असेल, तर न्हाणीघरात भक्कम दांडी, पाय न घसरणारी चटई, बसून अंघोळ करण्यासाठी स्टूल, रात्रीचा मंद दिवा आणि डोळ्यांची तपासणी, यांचा उपयोग कॅमेऱ्याहून अधिक होतो. कॅमेरा पडलेले माणूस दाखवतो. दांडी पडू देत नाही. न्हाणीघरात आणि कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा कधीही लावू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे काय, असे आपण विचाराल. हा प्रश्न अवघड आहे आणि सांभाळणाऱ्यांची दमछाक मी जाणतो. घराबाहेर पडून वाट चुकणाऱ्या माणसासाठी ठावठिकाणा सांगणारे साधन जीव वाचवू शकते. तरीही तिचे मन स्थिर असेल अशा वेळी, साध्या शब्दांत, एकदा तरी सांगावे. ती साधन वारंवार काढून टाकत असेल, तर हट्टीपणा न मानता ते तिचे म्हणणे समजावे आणि दुसरा उपाय शोधावा. पत्ता लिहिलेले ब्रेसलेट, दारावर घंटा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला व रिक्षावाल्याला दिलेली पूर्वकल्पना, असे पुष्कळ काही करता येते. जितका कमी बंदोबस्त पुरेल, तितकाच ठेवावा.

आणि ज्या भगिनींना, किंवा बंधूंनाही, बायरन आपल्याच घरात आहे असे हे वाचताना जाणवले असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या भ्रमणध्वनीवरून कोणी पाळत ठेवत आहे अशी शंका आली, तर घाईने ते साधन काढून टाकू नये. समोरच्यास लगेच कळते आणि त्याचा राग वाढू शकतो. विश्वासातील व्यक्तीच्या दुसऱ्या भ्रमणध्वनीवरून मदत मागावी. महिलांसाठी १८१, ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. ते कागदावर लिहून, दिसेल पण खुपणार नाही अशा जागी ठेवावेत. आपल्या डॉक्टरांकडे एकट्याने बोलण्याची वेळ मागावी. अशी मागणी करणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे.

आईचे मनगट सहा आठवड्यांनी जुळले. थंडीत अजून थोडे आखडते, मग ती गरम पाण्याच्या पिशवीने शेकते. कॅमेरा आता बाहेरच्या दारावर आहे. त्याचे चित्र तिच्या टॅब्लेटवर दिसते, माझ्या भ्रमणध्वनीवर नाही. दूधवाला आला, टपाल आले, मांजर येऊन गेले, याची वार्ता तीच मला देते. न्हाणीघरात दोन दांड्या बसवल्या आहेत. त्या किती उंचीवर हव्यात ते तिने स्वतः खडूने खूण करून गवंड्याला सांगितले. माझ्या अंदाजाहून त्या चार बोटे खाली आहेत. तिच्या हाताला तेथेच आधार मिळतो.

येत्या पंधरवड्यात आपणही एवढे करावे. घरातील ज्या व्यक्तीची आपण काळजी घेता, तिच्याजवळ बसावे आणि विचारावे: ‘आम्ही तुमच्यासाठी जे करतो, त्यातले तुम्हाला काय नको आहे?’ विचारल्यावर काही वेळ गप्प राहावे. उत्तर यायला वेळ लागतो. आणि आपण स्वतः ज्येष्ठ असाल, मुलांनी काही न विचारता केले असेल, तर मान हलवू नये. आपल्याला ते कोठे हवे आणि कोठे नको, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.